हापशाची किल्ली

पंढरपुरातल्या एका गल्लीची ही गोष्ट. गल्ली कल्पनेतली आहे. तिथं उठलेली आवई मात्र खरी, आणि शेकडो वर्षं गावोगाव फिरलेली.

आषाढी झाली, गोपाळकाला झाला, वारकरी परतले. आठ दिवसांत गल्लीत जुलाब-उलट्या सुरू झाल्या. आधी दोन पोरं आजारी पडली, मग एक बाळंतीण, मग भजनात पेटी वाजवणारे एक म्हातारे. म्हातारे गेलेच. नळाला पाणी एक दिवसाआड, म्हणून सगळी गल्ली कोपऱ्यावरच्या हापशावर अवलंबून. मागच्या मोकळ्या जागेत पालं ठोकून राहिलेली फिरती माणसंही पाण्याला तिथंच येत. त्यांतले बाप्ये डमरू घेऊन भिक्षेला जात, बाया सुया-बिबे विकत.

गल्लीत एक तरुण होता. दोन धंदे बुडालेले, आवाज मात्र खणखणीत. पेटीवाल्या म्हाताऱ्यांच्या तिसऱ्याच्या दिवशी तो चौकात म्हणाला, “पाणी आपोआप नासत नाही. कुणीतरी नासवतं.” नाव घेतलं नाही. नुसतं पालांकडं बघितलं.

एवढं पुरलं. ज्यांना रात्रभर झोप नव्हती त्यांना निदान राग धरायला माणसं मिळाली. त्याच्या बाजूनं सगळ्यात आधी उभा राहिला तो लॉजवाला. त्याचा शोषखड्डा आषाढीच्या गर्दीत तुंबून वाहिला होता, आणि चौकशी दुसरीकडं वळली तर त्याला हवंच होतं. दोन दिवसांत वयानं मोठी माणसंसुद्धा त्या तरुणाला दादा म्हणू लागली. मारुतीच्या पारावर कागद फिरला: पालावरच्यांनी पाणी नासवलं, म्हणून हापशाला साखळी घालायची, त्यांना पाणी बंद, पंधरा दिवस किल्ली दादाकडं.

कागद बाईंपुढं आला. बाई म्हणजे इतिहासाच्या निवृत्त शिक्षिका, गळ्यात माळ, निम्मी गल्ली त्यांच्या हाताखाली शिकलेली. त्यांनी पेन हातात घेतलं नाही.

“ही गोष्ट मी तुम्हाला वर्गात शिकवली होती,” त्या म्हणाल्या. “१३४८ साली युरोपात प्लेग पसरला. ज्यूंनी विहिरींत विष टाकलं अशी आवई उठली. १४ फेब्रुवारी १३४९ ला स्ट्रासबर्ग शहरात शेकडो ज्यूंना जिवंत जाळलं. तेव्हा त्या शहरात प्लेग पोचलासुद्धा नव्हता. जाळल्यावर काय केलं? ज्यूंकडून घेतलेली कर्जं माफ करून टाकली.”

लॉजवाला उठून निघून गेला.

बाळंतिणीची सासू म्हणाली, “पण बाई, काहीतरी केलंच असेल ना त्यांनी? उगाच कोण कुणाला मारतंय?”

हा प्रश्न प्रत्येक गावात कुणीतरी विचारतंच, आणि तो विचारणारा बहुधा भला माणूस असतो. म्हणून मला तो सगळ्यात घातक वाटतो.

“काय केलं होतं ते सांगते, मावशी. येशूला यांनी मारलं, असं शतकानुशतकं प्रवचनांतून सांगितलं गेलं. बहुतेक ठिकाणी जमीन घेऊ दिली नाही, कारागिरांच्या संघांत घेतलं नाही. उरली सावकारी, ती केली तर पिळवणूक करणारे म्हणून शिव्या. तरी तोवर धर्म बदलला तर सुटायची थोडी आशा होती. १८७९ च्या सुमाराला जर्मनीत विल्हेल्म मार नावाच्या लेखकानं हा द्वेष धर्मावरून वंशावर नेला. दोष रक्तातच आहे म्हटल्यावर सुटायची वाटच संपली. आणि आपल्या कोकणात? शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून ज्यांना शनिवार तेली म्हणायचे ते ज्यूच. शेकडो वर्षं राहिले, मराठी बोलले, मराठीत कीर्तनं केली. नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीत ज्यूंची प्रार्थनामंदिरं जळली. त्याच्या आदल्याच वर्षी मुंबईनं डॉ. एलिजा मोझेस या ज्यू डॉक्टरांना महापौर केलं होतं. मग दोष रक्तात कसा?”

कुणी बोललं नाही. बाईंचा आवाज चढला. “आपणही सोवळे नाही. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून कितीतरी जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. आपल्या सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणात डांबलं होतं. १९५२ मध्ये त्या जमाती मुक्त झाल्या, तरी संशय राहिलाच. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला, भर बाजाराच्या दिवशी, मुलं पळवणारे समजून पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं. डवरी गोसावी होते, बहुतेक आपल्या शेजारच्या मंगळवेढा तालुक्यातले. देवाचा हार गळ्यात सापडला म्हणून चोखोबांना चोर ठरवून मारलं, ही कथा ऐकताना आपण डोळे पुसतो. त्या दिवशी तिथं असतो, तर आपण कुणाच्या बाजूनं उभे राहिलो असतो?”

“पंधराच दिवसांचा प्रश्न आहे बाई,” दादा शांतपणे म्हणाला.

“हिटलरचा कायदा चारच वर्षांचा होता, बाळा. १९२८ मध्ये त्याच्या पक्षाला शंभरात तीन मतंसुद्धा नव्हती. मंदी आली, बेकारी आली, आणि जुलै १९३२ मध्ये ती सदतीसवर गेली. निम्म्या लोकांनीसुद्धा त्याला कधीच मत दिलं नव्हतं. ३० जानेवारी १९३३ ला त्याला चॅन्सेलर केलं ते हिंडेनबुर्ग या म्हाताऱ्या अध्यक्षानं. पापेनसारख्या पुढाऱ्यांना वाटलं, हा आपल्या मुठीत राहील. महिन्याभरात संसद जळाली, दुसऱ्या दिवशी नागरिकांचे हक्क गेले, २३ मार्चला संसदेनं स्वतःच कायदे करायचा अधिकार चार वर्षांसाठी त्याच्या सरकारला देऊन टाकला. तो पुढं त्याच्या मरणापर्यंत त्याच्याकडंच राहिला. तोवर साठ लाख ज्यू मारले गेले होते.”

सह्या तरीही झाल्या, बेचाळीस. भीती असताना माणसाला इतिहास ऐकू येतो, पण त्याचे पाय जमावाबरोबरच चालतात.

चौथ्या रात्री पालं उठली. जाताना त्यांच्यातली एक मुलगी तापानं फणफणलेली होती. पालं गेली, साखळी राहिली. मग सही न करणाऱ्यांना पाणी सगळ्यात शेवटी मिळू लागलं. पालावर एक कळशी दिली म्हणून एका विधवेला दोन दिवस मिळालंच नाही. चहावाला दादाला हसला म्हणून त्याचा पिंप रिकामा राहिला.

आरोग्यसेविकेनं पाण्याचा नमुना नेला होता, त्याचा अहवाल आला: हापशात मैलापाणी मिसळतंय. लॉजचा खड्डा उघडला, सगळ्या गल्लीनं तो डोळ्यांनी पाहिला. लोकांना वाटलं, संपलं आता. दादा म्हणाला, “धोका अजून टळलेला नाही.” पंधरा दिवस उलटून गेले होते. लॉजवाला एकट्यानं किल्ली मागायला गेला, तेव्हा दादानं त्याला दारातच सांगितलं, “तुझा खड्डा आहे, तू तर बोलूच नकोस.”

शेवटी बायकांनी लोहार बोलावला. बाळंतिणीच्या सासूनं कळशी खाली ठेवली, साखळी दोन्ही हातांनी ताणून धरली आणि लोहाराला म्हणाली, “घाल घाव.” दादा ओरडत आला. पण पंधरा-वीस बायका हलल्या नाहीत, आणि त्यांच्यामागं घरोघरचे पुरुष आले.

दुसऱ्या दिवशी बाई आणि सासू पालावरच्यांना शोधत निघाल्या. मंगळवेढ्याच्या रस्त्याला पालं सापडली. मुलगी वाचली होती. परत या म्हटल्यावर तिथली म्हातारी म्हणाली, “साखळी तुटली, बरं झालं. पण आमी पाणी नासवलं आसं लिवलेला कागूद? तो हाये का अजून?”

कागद दादाकडं होता.

बाईंनी त्याच संध्याकाळी पारावर बसून दुसरा कागद लिहिला: आम्ही खोटा आळ घेतला. त्यावर पहिली सही सासूनं केली. आतापर्यंत सतरा झाल्या आहेत. लॉजवाल्याची अजून नाही, आणि बाई रोज संध्याकाळी कागद घेऊन त्याच्या दारात जातात.