मागचा वाहनचालक

सोलापूरहून अक्कलकोटला येताना मागचे वाहन अगदी चिकटते, दिव्यांची उघडझाप होते, हॉर्न थांबत नाही. अशा वेळी अचानक ब्रेक दाबून त्याला धडा शिकवावा, असे आपल्याला वाटते. चूक त्याचीच ना! पण ताशी 60 किलोमीटर वेगाने वाहन एका सेकंदात सुमारे 17 मीटर जाते. त्याचा पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंत सारे घडून गेलेले असते. त्याच्या गाडीतल्या लेकराने काय केले होते?

2007 साली व्हॅटिकनने वाहनचालकांसाठी दहा आज्ञा दिल्या. पहिली अर्थातच खून न करण्याची. वाहन सत्ता गाजवण्यासाठी नाही, असेही त्यांत आहे. ही आज्ञा आपण मागच्याला लावतो, पण धडा शिकवणाऱ्या आपल्यालाही ती तितकीच लागू पडते, असे आम्हांला वाटते.

घाबरून वेगही वाढवू नये. उलट हळूहळू कमी करून पुढच्या वाहनापासूनचे अंतर वाढवावे. मग समोर उसाची ट्रॉली किंवा पायी निघालेले स्वामीभक्त आले, तरी आपल्याला करकचून ब्रेक लावावा लागत नाही, आणि मागचाही वाचतो. त्याने न ठेवलेले अंतर आपण त्याच्यासाठी पुढे ठेवायचे. जागा मिळताच डावीकडे घेऊन त्याला जाऊ द्यावे. यात कमीपणा वाटतो खरा, विशेषतः घरची माणसे गाडीत असली की. एवढी घाई करून गेलेला तो पुढच्या नाक्यावर बहुधा आपल्यासमोरच उभा दिसतो.