किती अश्वशक्ती पुरे?

अ‍ॅल्युमिनियमची लहान होडी वैतरणेच्या जलाशयावर न्यायची, तर मागे लावायचे इंजिन कोणते घ्यावे? हा प्रश्न दुकानातच सुटेल असे पुष्कळांना वाटते; आम्हांस मात्र त्यात शेजारधर्म गुंतलेला दिसतो. इगतपुरी तालुक्यातील ऊर्ध्व वैतरणेचे पाणी मोडकसागरमार्गे मुंबईच्या नळांना येते. जुन्या घडणीच्या टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावे लागते आणि सुमारे पाव भाग इंधन न जळताच धुराबरोबर पाण्यात उतरते. ते स्वस्त व हलके असते, हे खरे. फोर-स्ट्रोक महाग नि जड. हौसेने मोठे घेतले तर होडीची पिछाडी पाण्यात दबते. तरीही स्वस्ताईचा लाभ होडीवाल्याला आणि तवंग दूरच्या पिणाऱ्याला, ही वाटणी आम्हांस न्याय्य वाटत नाही. त्या पिणाऱ्याला कोणी विचारलेले नसते. पाणी पुढे शुद्ध होतेच की, असे कोणी म्हणेल. शेजारी रोज झाडतो म्हणून त्याच्या अंगणात आपण कचरा टाकतो काय? बॅटरीची मोटर पाण्यापुरती स्वच्छ. पण नाशिकजवळच्या एकलहऱ्याला वीज होते ती कोळशावरच. दोघांच्या संथ फेरीला मात्र तीही पुरते, आणि वारा पडलेला असेल तर वल्हीसुद्धा.