पियानोच्या पांढऱ्या पट्ट्या

ग्वाल्हेरच्या जिवाजी गंजात उस्ताद हाफिज अली खाँ यांच्या घरी १९९५ पासून 'सरोद घर' हे वाद्यांचे संग्रहालय आहे. घराण्याची परंपरा सांगते की, पूर्वज गुलाम अली खाँ यांनी रबाबाला पोलादी पत्रा व धातूच्या तारा लावल्या आणि त्यातून सरोद घडला. जुन्यातून नवे वाद्य करणे या शहराला ठाऊक आहे. म्हणूनच आम्ही हा प्रश्न तेथून काढतो.

समजा, एखाद्या मंडळीच्या कोठीत तडा गेलेला जुना पियानो पडून आहे. भंगारवाल्याला त्यात लोखंड दिसते. वाद्य करणाऱ्याला आतला स्प्रूसचा फळा दिसतो. इतके वर्षानुवर्षे वाळलेले, सरळ रेषांचे लाकूड सहसा मिळत नाही. (तारा मात्र सरोदाला फार जाड.) लाकूड खुशाल घ्यावे.

अडचण पट्ट्यांची आहे. जुन्या पियानोच्या ५२ पांढऱ्या पट्ट्यांवर पुष्कळदा हस्तिदंताचे पातळ पापुद्रे असतात. जडावकामाला ते उत्तम. एकोणिसाव्या शतकात असे दात माणसांच्या खांद्यांवरून झांझिबारच्या किनाऱ्याला येत. त्या ओझेवाल्यांत पुष्कळ गुलाम असत. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६ व १९९१ साली दुरुस्त्या होऊन हस्तिदंताचा व्यापार बंद झाला. तेव्हा विक्रीचा प्रश्नच नाही. पण कोणी म्हणेल, "विकत कोठे आहोत? आपल्याच वाद्याला जडवतो. पट्ट्या टाकल्या म्हणून मेलेला हत्ती उठणार आहे काय?"

हे म्हणणे पोकळ नाही. आम्हीही बराच वेळ त्याच बाजूचे होतो. मग आमोसाचा सहावा अध्याय पुन्हा वाचला. हस्तिदंती पलंगांवर लोळणारे आणि दाविदासारखी वाद्ये काढणारे तेथे एकाच दमात येतात. शब्बाथशाळेत आपण त्यावरून ऐषारामाचा निषेध शिकवतो. पण संदेष्ट्याचा रोष वाद्यावर नाही; योसेफाच्या नाशाचे या लोकांना काहीच वाटले नाही, यावर आहे. जडाव झाला की पापुद्रा नुसता सुंदर दिसतो, ओझेवाला दिसत नाही. पाहणाऱ्यालाही मग तसेच हवेसे वाटते, आणि जुन्याच्या नावाखाली नवा दात कापण्याची वाट तेथूनच निघते.

आमचे मत असे: फळा कारागिराला द्यावा. पट्ट्या वनखात्याला विचारून, न विकता, न जडवता, शब्बाथशाळेच्या खोलीत तशाच ठेवाव्यात. अंधारात राहून हस्तिदंत पिवळा पडतो. हे काय आहे, असे मुले विचारतीलच.