'सेनोटाफ' ऐकताना

शक्यतो एकटे बसा. हेडफोन लावा आणि बोल्ट थ्रोअर या डेथ मेटल बँडचा 'वॉर मास्टर' सुरू करा. अल्बम 1991 चा. डेथ मेटल तेव्हा नुकतं आकार घेत होतं आणि बहुतेक बँडना वेगाची ओढ होती. या मंडळींनी मात्र आधीच्या 'रेल्म ऑफ केऑस'पेक्षा चाल संथ केली. आपणही घाई करायला नको.

पहिली काही मिनिटं अर्थ शोधू नका. कार्ल विलेट्सचा आवाज घशाच्या तळातून येतो. शब्द लागणार नाहीत, राहू द्या. लक्ष खाली न्या, जो बेंचच्या बास गिटारपाशी. गिटारच्या तारा इतक्या उतरवलेल्या आहेत की सूर कानाआधी छातीला जाणवतो. तिथेच थांबा. श्वास रिफच्या, म्हणजे गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या सुरावटीच्या, चालीला जुळतोय का पाहा. जुळला नाही तरी चालेल.

आता कोव्हेंट्री डोळ्यांसमोर आणा. बँड तिथला. 14 नोव्हेंबर 1940 च्या रात्री जर्मन विमानांनी हे शहर पेटवलं. मध्ययुगीन कॅथेड्रलचं छप्पर गेलं. बाहेरच्या भिंती आणि मनोरा उरला. ते अवशेष तसेच जपले आणि त्यांना लागून नवं कॅथेड्रल उभारलं, ते 1962 मध्ये खुलं झालं. 1986 मध्ये एकत्र आलेल्या या मुलांनी ते युद्ध पाहिलेलं नव्हतं. त्यांच्या सुरुवातीच्या गाण्यांतलं युद्ध बरंचसं वॉरहॅमर या खेळातलं, कल्पनेतलं. पण ज्या गावात ते वाजवायला लागले, तिथे छप्पर नसलेल्या त्या भिंती उभ्या होत्या. क्षणभर दोन्ही शेजारी ठेवून पाहा.

मग याच अल्बममधलं 'सेनोटाफ' लावा. लंडनच्या व्हाइटहॉलमध्ये याच नावाचं युद्धस्मारक आहे, वास्तुकार लच्यन्सने रचलेलं, 1920 चं. आत कुणाचाही देह नाही. गाण्यात 1989 च्या 'वर्ल्ड ईटर' या गाण्यातला रिफ पुन्हा भेटतो. तिथे तो सगळं गिळत निघालेल्या युद्धासारखा वाटतो. इथे तोच रिफ स्मारकापाशी येऊन पोचतो. मारणारा आणि आठवण ठेवणारा, दोघांना एकच सूर. बँडच्या साऱ्या कामात मला हा निर्णय सर्वांत मोठा वाटतो.

हे संगीत हिंसेचं कौतुक करतं, असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. जयघोषात सूर वर चढतो. इथे तो चढत नाही. जड पावलांनी फिरून त्याच जागी येतो, आणि ऐकणाऱ्यालाही तिथून हलू देत नाही. त्या जडपणात थोडा वेळ राहा. कुणी हरवलेलं आठवलं तर आठवू द्या.

त्या रिफचा धागा पुढे 1992 च्या 'एम्बर्स'मध्ये आणि 2001 च्या 'पावडर बर्न्स'मध्येही जातो. चारही गाणी एका बैठकीत, 'वर्ल्ड ईटर'पासून सालांच्या क्रमाने, मध्ये न थांबता ऐका.