काटा कशाने तोलायचा?

घरातल्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात क्षारता मोजायची म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टीचा आकडा सांगायचा. समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. टाकीतले पाणी रोज उडून जाते, क्षार मात्र मागे राहतात. गोड्या पाण्याची भर घातली नाही तर खारटपणा चढत जातो. समुद्रातले हाडांचा सांगाडा असलेले मासे आपल्या रक्तातले क्षार बाहेरच्या पाण्याच्या सुमारे एक तृतीयांश इतके राखू शकतात. प्रवाळांना ती सोय नाही. आकडा मोजणाऱ्याचा चुकतो, किंमत मोजतो दुसराच जीव.

छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, रात्री मीठ पाण्यात टाकायला सांगतो. सकाळी मीठ हाती लागत नाही. पण पाणी वरून चाखले, मधून चाखले, तळातून चाखले, तरी खारटच. जिभेने दिलेले हे प्रत्यक्ष ज्ञान ‘आहे’ एवढेच सांगते, आणि उद्दालकाला तेवढेच हवे होते. ‘किती आहे’ हा प्रश्न वेगळा. तो विचारला की प्रत्यक्षाचा हात सुटतो आणि अनुमान सुरू होते.

पाणी आटवून उरलेले मीठ तोलावे, हा उपाय सरळ वाटतो. पण आटवताना काही क्षारांचे विघटन होते आणि काही क्षार पाणी धरून ठेवतात, त्यामुळे तो फसतो. म्हणून प्रत्येक उपकरण क्षारतेऐवजी दुसरेच काही पाहते. हायड्रोमीटर पाण्याची घनता पाहतो, रिफ्रॅक्टोमीटर प्रकाश किती वळतो ते, तर वाहकतामापक वीज किती सहज वाहते ते. धुरावरून अग्नी ओळखण्याचाच हा प्रकार, आणि त्याला व्याप्ती लागते, म्हणजे खूण आणि वस्तू यांचे न तुटणारे साहचर्य. ‘चॅलेंजर’ जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगभरच्या समुद्रांतून आणलेल्या पाण्याचे ७७ नमुने विल्यम डिटमार यांनी तपासले. एकूण क्षार कमीजास्त भरले, पण त्यांतल्या मुख्य घटकांचे आपसातले प्रमाण जवळजवळ सारखेच निघाले. एका गुणधर्मावरून सगळ्या क्षारांचा अंदाज करता येतो तो यामुळे.

न्यायशास्त्र मात्र उपाधीबद्दल सावध करते: साहचर्य एखाद्या लपलेल्या अटीवर टेकलेले असेल तर अनुमान ढासळते. घरगुती रिफ्रॅक्टोमीटरची गोष्ट नेमकी तीच आहे. अनेकांवरची मापपट्टी शुद्ध सोडियम क्लोराइडच्या द्रावणासाठी आखलेली असते, आणि ३५ क्षारतेचे समुद्राचे पाणी प्रकाशाला ३६.५ क्षारतेच्या त्या द्रावणाइतके वळवते. पाणी बरोबर असताना उपकरण ते जास्त खारट दाखवते. पाळणारा गोडे पाणी घालून आकडा ३५वर आणतो आणि टाकी खरोखर ३३.५च्या आसपास उतरते. दहा वेळा पाहिले तरी आकडा तोच येतो, म्हणून विश्वास उलट वाढतो. ऊर्ध्वपातित पाण्याने शून्य जुळवूनही ही चूक सापडत नाही, कारण शून्यापाशी ती नसतेच. हायड्रोमीटरच्या चुका त्या मानाने साध्या: दांडीला चिकटलेला बुडबुडा आकडा वाढवतो, साचलेला क्षार तो घटवतो, आणि ३५ क्षारतेच्या पाण्याचे विशिष्ट गुरुत्व १.०२६४ असते ते २५ अंश सेल्सिअसला.

उपाय एकच, ज्ञात क्षारतेच्या द्रावणाने उपकरण तपासणे. पण त्या द्रावणाची क्षारता कशाने ठरली? नागार्जुनाने ‘विग्रहव्यावर्तनी’त हीच अडचण मांडली: सगळे प्रमाणांनी, म्हणजे ज्ञानाच्या साधनांनी, सिद्ध होत असेल तर प्रमाणे कशाने सिद्ध होतात? दुसऱ्या प्रमाणांनी म्हटले तर अनवस्था, म्हणजे न संपणारी साखळी. आपोआप म्हटले तर मूळ दावाच सुटला. न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात याला तराजूचा दृष्टांत आहे. भाष्यकार वात्स्यायन तो उलगडतो: तराजू सोने तोलतो तेव्हा तो प्रमाण, ज्ञात वजनाच्या सोन्याने तराजूच तपासला की तो प्रमेय, म्हणजे जाणण्याचा विषय. प्रमाण ही वस्तूची जात नव्हे, त्या वेळेपुरती भूमिका आहे.

समुद्रविज्ञानात ही साखळी एका व्याख्येपाशी थांबते. १९७८च्या मापश्रेणीनुसार १५ अंश सेल्सिअसला ज्या समुद्रजलाची वाहकता, किलोमागे ३२.४३५६ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असलेल्या द्रावणाच्या वाहकतेइतकी असते, त्याची क्षारता ३५. हा शोध नव्हे, संकेत आहे. पण त्यामुळे नागार्जुन जिंकला असे होत नाही. ३५ कशाला म्हणायचे ते माणसांनी ठरवले. समोरच्या टाकीत ते आहे की नाही, हे पाणीच ठरवते.

मीमांसक म्हणतात, बाधा येईपर्यंत ज्ञान स्वतःच प्रमाण. रोजच्या नोंदीला हीच वृत्ती योग्य, नाहीतर कोणताच आकडा हाती लागणार नाही. नैयायिकांचा परतःप्रामाण्याचा, म्हणजे ज्ञानाचा खरेपणा बाहेरून तपासण्याचा, आग्रह तपासणीच्या दिवशी हवा. तेव्हा रिफ्रॅक्टोमीटरच्या जोडीला वाहकतामापक घ्यावा. २५ अंशांना ३५ क्षारतेसाठी तो दर सेंटिमीटरला सुमारे ५३ मिलिसीमेन्स दाखवतो. दोघांची तत्त्वे भिन्न असल्याने त्यांच्या एकमताला वजन आहे. मात्र दोन्ही एकाच बाटलीतल्या द्रावणाने जुळवले असतील, तर साक्षीदार एकच उरतो. दुसरा साक्षीदार घरीही तयार होतो: रिफ्रॅक्टोमीटरसाठी ३६.५ ग्रॅम शुद्ध सोडियम क्लोराइड ९६३.५ ग्रॅम ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवले की ३५ क्षारतेच्या समुद्रजलाइतकाच प्रकाश वळतो. ते तोलायला तराजू लागतो, आणि तो आधी ज्ञात वजनाने तपासून घ्यावा लागतो.