कांजिण्या आणि शेजारधर्म

घरी मुलास कांजिण्या निघाल्या असता ती गोष्ट शेजाऱ्यांस कळवावी, की लोकलज्जेस्तव झाकावी? कर्जत-खालापुराच्या वाड्यांत घरास घर लागून असते. म्हणून हा प्रश्न आम्हांस क्षुल्लक वाटत नाही. हा रोग पापाचे फळ नव्हे, देवीचा कोपही नव्हे; तो विषाणूपासून होतो. मग लज्जा कशाची? पुरळ उठण्याच्या एकदोन दिवस आधीपासून सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत तो पसरतो. सशक्त मूल बहुधा घरीच बरे होते. परंतु शेजारची गर्भवती व तान्हे मूल यांस त्यापासून मोठा धोका असतो. यास्तव मुलाची नखे कापणे, त्यास ॲस्पिरिन न देणे व शाळेत न धाडणे हे जसे कर्तव्य, तसेच शेजाऱ्यांस वेळीच सांगणेही होय. आपली लाज राखण्यासाठी दुसऱ्याचे मूल धोक्यात घालणे, यास मौन कसे म्हणावे?