कॅमेऱ्याने किती पाहावे?

घराबाहेरच्या कॅमेऱ्याला जितके जास्त दिसेल तितकी राखण चांगली, अशी समजूत आहे. म्हणून तो गच्चीच्या कठड्याला, हात पोहोचणार नाही इतका उंच ठोकला जातो. फाटक, रस्ता, समोरचे घर असे सगळेच चित्रात येते. चोरी झाल्यावर फुटेज काढले की माणूस दिसतो, टोपी दिसते, चेहरा मात्र ओळखू येत नाही.

दोष बहुधा कॅमेऱ्याचा नसतो, चौकट नको तितकी मोठी असते. अनोळखी माणसाचा चेहरा ओळखण्यासाठी मीटरभर रुंदीला सुमारे २५० पिक्सेल हवेत, हा या कामातला प्रचलित निकष. दोन मेगापिक्सेलचे चित्र १९२० पिक्सेल रुंद असते. भागाकार केला की हाती साडेसात मीटरची पट्टी उरते. २.८ मिलिमीटरची लेन्स शंभर अंशांच्या आसपास कोन देते, पण दहा मीटरवरच्या फाटकापाशी तिची चौकट वीस-पंचवीस मीटर रुंद होते आणि चेहऱ्याच्या वाट्याला मोजकेच ठिपके येतात. तिथे ८ मिलिमीटरची लेन्स घ्यावी, किंवा कॅमेराच फाटकाजवळ आणावा. उंची अडीच-तीन मीटर पुरे. त्याहून वर गेले की नुसती डोकी दिसतात.

दुपारी चोख दिसणारे चित्र रात्री दगा देते. अंधारात कॅमेरा स्वतःचा अवरक्त प्रकाश टाकतो. छज्ज्याची कड किंवा पांढरी भिंत चौकटीच्या कोपऱ्यात आली, तर तो प्रकाश तिच्यावरून उलटतो. कॅमेरा त्या उजेडाशी जुळवून घेतो आणि फाटक काळोखात बुडते. या प्रकाशाकडे किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो, आणि लेन्ससमोरच्या जाळ्याचा एखादा धागा वाऱ्याने हलला तरी मोबाइलवर सूचना येत राहतात. म्हणून ब्रॅकेटचे स्क्रू अंधार पडल्यावर, चित्र पाहूनच शेवटचे आवळावेत. पावसाळ्यासाठी केबलला जोडाआधी खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तिथून ठिबकते, जोडात शिरत नाही.

चौकट आवळली की शेजाऱ्याची खिडकीही तिच्याबाहेर जाते. चेहरा ओळखण्यासाठी जे करावे लागते, तेच दुसऱ्याच्या खासगीपणासाठीही करावे लागते, ही या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. मात्र २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा व्यक्तीच्या निव्वळ घरगुती वापराला लागू होत नाही. युरोपीय न्यायालयाने २०१४ मध्ये चेक प्रजासत्ताकातल्या एका घराबाबत वेगळी रेषा ओढली: कॅमेरा सार्वजनिक रस्ता टिपत असेल, तर तो वापर निव्वळ घरगुती राहत नाही. ती रेषा इथेही पाळण्यासारखी आहे. समोरच्या ओट्यावर निवडण-टिपण करत बसणाऱ्या बाईने कोणाच्या रेकॉर्डिंगला होकार दिलेला नसतो. कोन वळवूनही तो ओटा चौकटीत येत असेल, तर सेटिंगमध्ये चित्राच्या तेवढ्या भागावर काळा पडदा टाकता येतो. पुष्कळ कॅमेऱ्यांत ही सोय असते. बसवणाऱ्याला सांगून ती तिथल्या तिथे करून घ्यावी.

मग उरतो पासवर्ड. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक सॉफ्टवेअरने कारखान्यातलेच पासवर्ड राहिलेले असंख्य कॅमेरे ताब्यात घेतले होते. बसवणारा माणूस शिडी उतरून जाण्याआधी घरमालकाने पासवर्ड स्वतः बदलावा.